मुलाचा निर्णय आणि घरची माणसे

नियोजन हा शब्द शिरवण्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराचा नकाशा आखला गेला, आणि त्यात आपली शेते कोठे गेली ते गावाला मागाहून कळले. नकाशा काढणारे अडाणी नव्हते. नामवंत वास्तुशास्त्रज्ञ त्यांत होते आणि शहरांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. परंतु ज्यांच्या जमिनीवर रेषा ओढायच्या, ती माणसे त्या टेबलाशी बसलेली नव्हती. त्यापायी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे झगडावे लागले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच जणांना प्राण द्यावे लागले, आणि मग कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले.

परंतु आजचा विषय जमिनीचा नाही, मुलांचा आहे. ज्याला आईबाप नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, असे मूल सरकारच्या दारात येते. त्याने कोठे राहावे, कोणी वाढवावे, हे ठरवायला कोण बसते? हा एकच प्रश्न हाती धरून आपण मागचा इतिहास पाहू.

१८५० च्या उमेदवारी कायद्याने अनाथ आणि किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांना एखाद्या कारागिराकडे ठराविक मुदतीसाठी बांधून देण्याची सोय केली. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. मूल तुरुंगात पडू नये, त्याच्या हाताला कसब मिळावे, हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु घर बिघडले म्हणून मूल बिघडले, तेव्हा घरापासून तोडणे हाच उपाय, अशी त्या काळची समजूत होती.

त्याच सुमारास पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना तेथे गुपचूप बाळंत होता येत असे. संस्था काढली म्हणजे आपले काम झाले, असे मात्र या दांपत्याने मानले नाही. काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, आपले घर आणि नाव दिले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. मुलाला छप्पर लागते तसे हक्काचे माणूसही लागते, हे त्या घराने करून दाखविले.

१९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा झाला आणि १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे रिमांड होम आणि मानखुर्दचे बालगृह ही नावे मुंबईच्या कामगार वस्तीत घरोघर माहीत झाली. पोलीस मूल आणीत, परिवीक्षा अधिकारी चाळीत जाऊन चौकशी करी, अहवाल लिही आणि न्यायाधीश निकाल देई. १९३६ साली नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांनी एकत्र बसून मुलाचा विचार करावा, ही संघाने काम करण्याची पद्धत आपल्याकडे तेथून रुजू लागली. ही मोठी प्रगती होती. तथापि मुलाची आई या संघात नव्हती. तिची चौकशी होई, तिला सल्ला मिळे. निर्णय इतर घेत.

स्वातंत्र्यानंतरही ही घडी फारशी बदलली नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ सालीच देशभरासाठी बालन्याय कायदा झाला. २००० च्या कायद्याने बालकल्याण समिती आणली. अध्यक्ष एक, सदस्य चार. २०१५ च्या कायद्याने तर स्पष्टच सांगितले, की संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. सामाजिक चौकशी १५ दिवसांत पुरी व्हावी, मुलाचे म्हणणे ऐकले जावे, प्रत्येक मुलासाठी वेगळा संगोपन आराखडा असावा, अशा तरतुदी आज आहेत. कागद उत्तम आहे. परंतु आजी, मामा, मोठी बहीण, शेजारीण, शाळेचे गुरुजी आणि अधिकारी यांना एका वेळी एकत्र बसवून तो आराखडा करावा, अशी सक्ती त्यात नाही. प्रत्येकाला वेगळे विचारले जाते आणि मग कोणी एक जण लिहितो.

ही सक्ती एका दूरच्या देशाने केली. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची मुले मोठ्या संख्येने सरकारी ताब्यात जात होती. १९८६ साली जॉन रांगिहाऊ यांच्या समितीने सरकारला खडसावले, की तुमच्या पद्धतीत आमच्या कुळाला आणि भाऊबंदांना स्थानच नाही. १९८९ साली तेथे कायदा झाला आणि कुटुंबाची बैठक त्याच्या केंद्रस्थानी आली. तिची रीत समजून घेण्याजोगी आहे. समन्वयक सर्व नातलगांना बोलावतो. अधिकारी आणि तज्ज्ञ आपल्याजवळची माहिती, मुलाला असलेला धोका, मिळू शकणारी मदत, सारे उघड मांडतात. मग ते खोलीबाहेर जातात. घरची माणसे आपसांत बोलतात आणि आराखडा तयार करतात. तो सुरक्षित आहे की नाही, हे पुन्हा सर्वांनी मिळून पाहायचे.

एवढ्याने सर्व सुरळीत झाले असे नाही. माओरी तान्ह्या मुलांना आयांपासून काढून घेतले जाते म्हणून २०१९ साली तेथे पुन्हा मोर्चे निघाले. कायद्यात बैठक असली तरी ती मनापासून घेतली पाहिजे, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आता आपल्याकडची शंका. घरच्या माणसांवर सोडायचे म्हणजे भावकीवर सोडायचे काय? शंका रास्त आहे. ज्या गावांत भूखंडाला सोन्याचे मोल आले, तेथे वडील वारलेल्या मुलाचा ताबा कोणाला हवा आणि कशासाठी हवा, हे तुम्हांला मी सांगायला नको. दिरांच्या बैठकीत विधवा वहिनीने तोंड उघडणे सोपे नसते. कित्येकदा मारणारा किंवा अत्याचार करणारा घरातलाच असतो. म्हणून केवळ भावकीची बैठक मला मान्य नाही, आणि केवळ कचेरीची बैठकही मान्य नाही. दोघांनी एकमेकांसमोर बसावे. आईच्या बाजूची माणसे असावीत, तिचा विश्वास असलेली एखादी बाई असावी, मुलाचे म्हणणे त्याला न घाबरवता आधी ऐकलेले असावे, आणि ज्याच्यापासून धोका आहे त्याला तेथे जागा नसावी.

कामगार चळवळीत आम्ही एक साधी गोष्ट शिकलो. कामगारांच्या प्रतिनिधीला बाहेर बसवून केलेला करार टिकत नाही. आणि नुसत्या तोंडी आश्वासनाचा करार तर कधीच टिकत नाही. मुलाच्या आराखड्यालाही हाच नियम लावा. शाळेची फी कोण भरणार, आई रात्रपाळीला गेली की मूल कोणाकडे झोपणार, बापाचे दारूचे उपचार कोणत्या तारखेपासून, अधिकारी घरी केव्हा येणार, तीन महिन्यांनी पुन्हा कधी बसायचे; हे सारे नावानिशी, तारखेनिशी लिहिलेले असावे. तो कागद वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत आईच्या हाती असावी.

शेवटी पैशाचे बोलले पाहिजे. आपल्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार अपघातात गेला, तर त्याची बायको मुलाला वसतिगृहाच्या किंवा बालगृहाच्या दारात नेते, ती माया आटली म्हणून नव्हे. घरात दोन वेळचे भागत नाही. सरकारच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचे नाव आहे आणि २०२३ साली तिची मदत दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाली. मूल नातलगांत राहून वाढावे यासाठी ती आहे. रक्कम पुरेशी नाही, वाढवून मागितलीच पाहिजे. पण कित्येक विधवांना ती मिळते हेच ठाऊक नसते. युनियनने, महिला मंडळाने, ग्रामस्थ मंडळाने आपल्या वस्तीतील अशा घरांची यादी करावी, अर्ज भरून द्यावेत, आणि समितीपुढे त्या बाईबरोबर एक माणूस पाठवावा. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला आज कोणाची मनाई नाही.