रात्रीच्या डाकोटाखालचा चांदा : फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती विकत घ्यावी काय?

१९४९ च्या आरंभी भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाच्या थैल्या घेतलेली विमाने रात्री निघत, नागपुरास एकत्र येत, तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. या कामावर असलेले डाकोटा विमान म्हणजे युद्धात सैन्याची ओझी वाहून पुढे नागरी सेवेत आलेले डग्लस डीसी-३.

नकाशावर नागपूर आणि मद्रास पट्टीने जोडून पाहावेत. रेघ जवळजवळ सरळ दक्षिणेस उतरते आणि चंद्रपुराच्या किंचित पश्चिमेने जाते. तेव्हा त्याचे नाव चांदा होते; चंद्रपूर हे नाव १९६४ सालचे. नागपूर सोडल्यावर अर्ध्या तासात डाकोटा या मुलखावर येई आणि डावीकडे पूर्वेस आजच्या गडचिरोलीचे अरण्य काळोखात पसरलेले असे.

हे उड्डाण आज घरच्या संगणकावर पुन्हा करता येते. प्रश्न इतकाच, की त्यासाठी सिम्युलेटरची नवी आवृत्ती विकत घ्यावी, की जुनीच पुरे?

खेळाचा वंश जुना आहे. एडविन लिंक याने १९२९ मध्ये बांधलेल्या प्रशिक्षण-यंत्रात बाहेरचे काहीच दिसत नसे. दिसत ती फक्त उपकरणे. उलट ब्रूस आर्टविक याने १९८० च्या सुमारास ॲपल-२ संगणकासाठी केलेल्या सिम्युलेटरात बाहेरची भूमी आली, पण ती मोजक्या रेषांची. त्याचेच काम पुढे मायक्रोसॉफ्टने घेतले आणि पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८२ मध्ये निघाली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपुरातून फुटून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला होता. योगायोगापलीकडे यात काही नाही, परंतु लक्षात ठेवायला सोयीचे आहे.

२००३ ची आवृत्ती राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त निघाली आणि तिच्यात डीसी-३ होते. २००६ ची ‘एफएसएक्स’ ही तिची वारसदार. या दोहोंत जंगल दिसते, पण ते गडचिरोलीचे नव्हे. जमिनीचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गावर ठरीव चित्राचे तुकडे अंथरण्याची ती पद्धत. सागवानाचे रान आणि दुसऱ्या कुठल्या देशातले पानझडी रान एकाच तुकड्यातून कापलेले निघते. २००९ च्या जानेवारीत हा सिम्युलेटर घडवणारा विभागच बंद झाला आणि हौशी मंडळी कित्येक वर्षे एफएसएक्सलाच ठिगळे लावत राहिली.

ऑगस्ट २०२० च्या आवृत्तीने मात्र खरोखर पिढी बदलली. उपग्रहांची व विमानांतून घेतलेली छायाचित्रे जमिनीवर आली. इरई धरणाचे पाणी, दुर्गापूरच्या उघड्या कोळसा खाणी, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते तो संगम, पुढे सिरोंच्याजवळ तिला भेटणारी गोदावरी, हे सारे आपापल्या जागी शोधता येते. नदी धरून उडणाऱ्यास याहून अधिक काय हवे? सिरोंच्यासमोर गोदावरीवर उभा राहिलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ चा. २००६ च्या तबकडीत तो असणे शक्यच नाही.

उंचीच्या आकड्यांकडे मात्र सावधपणे पाहावे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. मोफत मिळणाऱ्या फ्लाइटगिअरसह अनेक सिम्युलेटरांच्या भूमीला त्या मोजणीचा आधार आहे. दाट रानात हे रडार पुष्कळदा जमिनीपर्यंत पोचत नाही, झाडांच्या माथ्यावरूनच परतते. म्हणून भामरागडाकडच्या टेकड्यांची पडद्यावरची उंची थोडी झाडांचीही असू शकते.

आता रात्रीचे टपाल. येथे न्याय उलटा होतो. काळोखात छायाचित्राचा उपयोग नाही, आणि नव्या आवृत्तीत रस्ते व वस्त्या दिव्यांनी झगमगतात. १९४९ च्या चांद्यावर तो झगमगाट नव्हता. आजचे औष्णिक वीजकेंद्रसुद्धा १९८० च्या दशकातले. शिवाय डाकोटाचा वैमानिक रेडिओ-होकायंत्राचा काटा पाहून वाट काढी. तसली भूकेंद्रे जगभर एकेक करून बंद होत आहेत आणि नव्या आवृत्त्यांच्या माहितीसाठ्यातूनही गळत आहेत. २००३ च्या आवृत्तीत त्या वर्षीची केंद्रे तशीच आहेत. शिकागोच्या मेग्ज फील्डची धावपट्टी मार्च २००३ च्या अखेरीस रातोरात उखडली गेली, पण जुन्या सिम्युलेटरात तिच्यावर अजून विमाने उतरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुनी तबकडी फेकू नये ती एवढ्यासाठीच. टपालाच्या उड्डाणापुरते नवे काही घेण्याचे कारण नाही.

दिवसा उडायचे असेल तर २०२० ची आवृत्ती पैसे वसूल करते. तिला तबकडीवर सुमारे १५० जीबी जागा लागते, पण हवा तो प्रदेश आधी उतरवून ठेवता येतो. चंद्रपूर शहरात बसून वैनगंगेचे खोरे साठवावे आणि यंत्र गावी न्यावे, हे तिच्यात शक्य आहे. एटापल्ली किंवा भामरागड येथे, जिथे मोबाइलची रेंज येते-जाते, तिथे ही सोय लहान नव्हे.

नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीत बचावकार्य, आग विझवणे अशी वैमानिकी कारकीर्द आली आहे. तिचा बहुतेक साठा मात्र कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि उडताना जाळ्यावरून येतो; पहिल्याच दिवशी त्या सर्व्हरवर इतकी गर्दी लोटली की पुष्कळांचे विमान सुरूच होईना. १६ जीबी स्मृती ही तिची किमान अट, ३२ ची शिफारस. नागपुरात चांगली जोडणी आणि नवे यंत्र असणाऱ्याने ती जरूर घ्यावी. २०२० ची आवृत्ती ज्याच्याकडे आधीच आहे त्याला वैनगंगेवर फारसे नवे काही गवसणार नाही, आणि अहेरीच्या पलीकडे राहणाऱ्याने तूर्त पैसे राखावेत.