चालती गाडी द्यावी

यंदाचा आंबा संपला, शेवटची खेप वाशीच्या फळबाजारात उतरली आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मी आमची पिकअप जिल्ह्यातल्या एका सेवासंस्थेला दिली. तेरा वर्षं तिने पावसच्या आमच्या बागेतला आंबा वाहिला. देण्याआधी हौदा स्वच्छ धुतला, तरी फाळक्याच्या बिजागरीत पेंढ्याच्या चार काड्या अडकून राहिल्या. त्या मी काढल्या नाहीत. गाडी आंब्याच्या घरातून आली, एवढी खूण तिच्यावर असू दे, असं वाटलं.

गाडी देणं आमच्याकडे नवं नाही. आजोबांची बैलगाडी होती. त्या काळी आंबा बैलगाडीने बंदरावर जायचा, तिथून पडावातून आगबोटीवर चढायचा आणि मुंबई गाठायचा. हंगामाचे दोन महिने सोडले, तर ती गाडी निम्मी गावाचीच असे. देवळाचा चिरा, शाळेची कौलं, अडलेली बाळंतीण, सगळं तिच्यातून गेलं. गाडी मागायला आलेल्याकडे आजोबांनी कधी भाडं मागितलं नाही. "बैलांना पेंड घाला आणि दिवेलागणीच्या आत सोडा," एवढंच सांगायचे. पाखाडीवरच्या ज्या वाडीत गाडी पोचत नसे, तिथून आजारी माणसाला डोलीतून आणत. बांबूला घोंगडी बांधायची आणि आळीपाळीने खांदा द्यायचा. त्या खांद्यांचेही पैसे कुणी घेतले नाहीत.

रत्नागिरीच्या दानाचा लिहिलेला इतिहास मोठा आहे. भागोजीशेठ कीरांनी स्वखर्चाने पतितपावन मंदिर बांधलं आणि १९३१ साली ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलं. मुंबईत दादरच्या समुद्राकाठची स्मशानभूमी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. देवरुखला इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या हळबे मावशी, यांनी १९५४ साली मातृमंदिर सुरू केलं, ते दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून. ही नावं शिळेवर कोरली जातात आणि कोरलीच पाहिजेत. पण प्रत्येक इमारतीचा चिरा कुणीतरी वाहून आणलेला असतो आणि प्रत्येक बाळंतिणीला कुणीतरी दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवलेलं असतं. त्या गाड्यांची नोंद कुठल्याच शिळेवर नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. त्याआधी आमच्या गावांची रुग्णवाहिका म्हणजे ज्याच्या खळ्यात गाडी उभी असेल, तो शेजारी.

बैलगाडीची जागा पुढे टेम्पोने घेतली. फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी १९५८ साली उभी राहिली आणि जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी बनवू लागली. त्या गाडीचं नाव मराठीत असं रुळलं की आज कुठल्याही छोट्या मालवाहू गाडीला आपण सहज टेम्पो म्हणतो. १९६९ साली मॅटेडोर आली. आमच्या बाबांनी जुनी मॅटेडोर घेतली, दहा वर्षं वापरली आणि १९९४ साली एका मंडळाला देऊन टाकली. नारळ फोडला, किल्ली आणि आरसी बुक हातावर ठेवलं, सगळ्यांनी चहा घेतला. आरटीओत नाव बदलायचं मात्र राहून गेलं. मंडळाने दोन वर्षांनी गाडी परस्पर विकली. पुढे तिने एका सायकलस्वाराला उडवलं आणि नुकसानभरपाईच्या दाव्याचं समन्स आमच्या पडवीत येऊन पडलं. बाबा सात वर्षं तारखांना जात राहिले. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. बाबांचं मन मोठं होतं, पण त्यांचं दान अर्धंच झालं होतं.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची आहे आणि ती फार जुनी आहे. कठोपनिषदात नचिकेताचे वडील सर्वस्व दान करायला बसतात आणि देतात म्हाताऱ्या, भाकड गाई. पोराला ते बघवत नाही. आपल्याकडे गोदान सवत्स धेनूचं करायची रीत आहे, म्हणजे गाय दुभती आणि सोबत वासरू. घेणाऱ्याच्या गोठ्यात ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडावी, हा त्यातला अर्थ. टायर गुळगुळीत, पासिंग संपलेलं, विमा नाही, अशी गाडी संस्थेच्या अंगणात नेऊन लावणं हे भाकड गायीचंच दान. ते पुण्य आपण घेतो आणि खर्च संस्थेच्या गळ्यात बांधतो.

चालत्या गाडीची किंमत मला २०२१ च्या जुलैत कळली. २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही पिकअपमध्ये पाण्याचे जार, तांदूळ आणि चादरी भरून हातखंब्यावरून निघालो. चिखलाने भरलेल्या एका गल्लीत एक बाई पुढे आल्या, फाळक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, काडेपेटी आहे का?" घरातलं सगळं भिजलं होतं. तांदूळ मिळाला तरी चूल पेटणार कशी? काडेपेटी आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. गाडी तशीच वळवली, सावर्ड्याहून काडेपेट्या, मेणबत्त्या आणल्या आणि परत त्या गल्लीत गेलो. पहिल्या खेपेला आपण आपल्या मनाने नेतो, दुसऱ्या खेपेला लोकांना हवं ते नेतो. ती दुसरी खेप मारायला हाताशी गाडी लागते.

म्हणून यावेळी घाई केली नाही. क्लच प्लेट बदलली, मागचे दोन टायर नवे टाकले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, ते करून घेतलं. वर्षाचा विमा भरला, ते माझ्या धेनूचं वासरू. बँकेचा बोजा आरसीवरून आधीच उतरवलेला होता. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले आणि संस्थेच्या नावाची आरसी हातात पडल्यावरच किल्ली दिली. वस्तुरूप दानाला ८०जी खाली आयकरात सवलत मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या हिशेबाने गाडी दिलीच नव्हती. आता ती संस्थेच्या मुलांसाठी बाजारातून धान्य आणि भाजी आणते.

बागायतदार बंधूंनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या खळ्यात हंगाम संपल्यावर एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असते. ती गंजण्याआधी द्या. आधी पासिंग करा, मग नाव बदला, किल्ली सगळ्यांत शेवटी द्या.