शेतावरील तारेची वाट

वाशिमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथें १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. इसवी सनाच्या चौथ्या शतकांतील या दानपत्रांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे. परंतु दान दिलेल्या गांवाच्या सवलती प्राकृतांत सांगितल्या आहेत. त्या गांवांत राजाच्या शिपायांनीं शिरूं नये, ही त्यांपैकींच एक. ही सवलत दान घेणाऱ्या ब्राह्मणांस होती, जमीन कसणाऱ्या कुणब्यास नव्हे, हें विसरून चालणार नाहीं. तथापि दुसऱ्याच्या जमिनींत कोणी व कोणाच्या अनुज्ञेनें पाऊल ठेवावें, हा प्रश्न या भूमींत किती जुना आहे याची ती साक्ष होय.

विजेच्या तारांनीं तोच प्रश्न आज पुन्हां उभा केला आहे. त्याचें मूळ १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यांत सांपडतें. कोणाच्याहि जमिनीवरून तार नेण्याचा व खांब रोवण्याचा अधिकार या कायद्यानें सरकारी खात्यास दिला. जमीन मालकाचीच राहावयाची. नुकसान शक्य तितकें कमी करावें व झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, एवढेंच बंधन. संदेशाची बारीक तार आणि तिचा सडपातळ खांब यांना तें पुरेसें होतें. पण २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ व्या कलमानें हेच अधिकार वीजवाहिन्या उभारणारांस देण्याची सोय केली. १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीस २७ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, २२० च्या वाहिनीस ३५ मीटरांचा. असे अधिकार मिळालेल्या संस्थेस मालकाची पूर्वसंमति घेण्याचें कारण नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं दिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें जुना कायदा मोडीत काढण्याचें ठरविलें, तरी वीजवाहिन्यांपुरता त्याचा हा भाग राखून ठेवला.

भरपाई मात्र वाढत गेली. २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जागेसाठीं जमिनीच्या किंमतीच्या शेंकडा ८५, आणि तारांखालील पट्ट्यासाठीं फार तर शेंकडा १५ असें प्रमाण होतें. २०२४ च्या सूचनांत तें अनुक्रमें २०० व ३० झालें. हें न्याय्यच झालें. परंतु किंमत ठरविणें वेगळें आणि वाट ठरविणें वेगळें.

वाट ठरते ती नकाशावर. वऱ्हाडांत १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीनें शेतवार मोजणी सुरू झाली व प्रत्येक शेतास नंबर आणि सीमा मिळाली. तो नकाशा सारा आकारण्यासाठीं होता. म्हणून त्यांत शेत दिसे, शेतकऱ्याचें मत दिसत नसे. आजचा अभियंता उपग्रहांनीं टिपलेलीं चित्रें वापरतो. नद्या, वनें, वस्त्या, रस्ते यांचे नकाशे तो एकावर एक ठेवतो, प्रत्येक अडथळ्यास कमी-अधिक भार देतो, आणि निरनिराळ्या वाटा तुलनेसाठीं काढतो. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यांत पैनगंगेचें पात्र किंवा कारंजा-सोहोळचें काळवीट अभयारण्य या पद्धतीनें सहज टाळतां येईल.

पण कशास किती भार द्यावा हें यंत्र सांगत नाहीं. तें माणूसच ठरवितो. मनोरा धुऱ्यावर आला काय किंवा शेताच्या मध्यावर आला काय, वरून पाहणारास दहा-वीस हातांचा फरक. औत फिरविणारास तो जन्माचा फरक. पावसाळ्यांत कोणती पांदण बंद पडते, नवी विहीर कोठें खणावयाची आहे, संत्र्याचीं रोपें कोणीं नुकतींच लाविलीं आहेत, हें ज्ञान गांवांत असतें. तें नकाशावर यावयाचें तर खुंट्या ठोकण्यापूर्वीं गांवास विचारलें पाहिजे. सर्व संभाव्य वाटा ग्रामसभेपुढें मांडाव्या, हरकती नकाशावरच नोंदवाव्या, आणि एखादी हरकत अमान्य झाल्यास तिचें कारण लिहून द्यावें. यानें प्रत्येकाचें समाधान होणार नाहीं. वीज सर्वांना हवी आहे, आणि तार कोणाच्या तरी शेतावरूनच जाणार. पण आपलें शेत कां निवडलें, हें समजण्याचा हक्क त्या शेतकऱ्यास आहे.

वत्सगुल्माच्या लेखकानें राजाची थोरवी संस्कृतांत सांगितली आणि जमिनीच्या अटी प्राकृतांत लिहिल्या. त्याचा हेतु कांहींहि असो, आमच्या अभियंत्यांनीं तेवढा धडा घ्यावा: हिशेब हव्या त्या परिभाषेंत करावा, पण ज्याच्या शेतावरून तार जावयाची त्याच्यापुढें नकाशा ठेवतांना तो त्याच्या बोलींत वाचतां आला पाहिजे.