बांध कोरण्याचा इतिहास

शेजाऱ्यांची जास्वंद कुंपणातून आपल्याकडे आली की खुशाल समजावं, इतिहास घडतो आहे! शिलाहारांच्या काळी दानाची जमीन बळकावणाऱ्याला दगडावर गाढव कोरून अशी शिवी देत, की ती इथं छापता यायची नाही. पुढं आमच्या नगरच्या निजामशाहीत मलिक अंबरनं जमिनी मोजल्या. मग १८३५ साली, आम्हां श्रीगोंदेकरांच्या भीमेपलीकडे, इंदापुरात इंग्रजांनी मोजणी काढली. साखळी ३३ फुटांची; ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा. हिशेब चोख! राज्यं गेली, हद्दीचे दगड मात्र रात्री-बेरात्री चालू लागले.

बँकेतला कारकून म्हणून सांगतो, ३३ फुटी कुंपण अर्धा फूट सरकलं तर जातात साडेसोळा चौरस फूट. वकिलाची फी त्याहून जास्त जागा खाते. आणि शेजारी जातो तो वेगळाच! सरकारलाही हे पटलं असावं. २०२३ साली ‘सलोखा योजना’ निघाली : बारा वर्षं एकमेकांच्या ताब्यात असलेली शेतजमीन अदलाबदल करा, मुद्रांक हजार, नोंदणी हजार. दोन हजारांत शेजारी परत!

जास्वंदीला ही योजना लागू नाही. तिची फुलं आपण तोडावीत, आणि चार त्यांच्याच देवाला नेऊन द्यावीत.