७. मंगरू

पुरुषनाम. मंगळवारी जन्मलेला तो मंगरू. ‘मंगल’मधल्या ‘ल’चा ‘र’ करणे ही पूर्वेकडच्या बोलींची सवय, आणि शेवटचा ‘ऊ’ लाडाचा. शिवाचे नाव असलेल्या ‘मंगेश’शी किंवा मंगरूळ नावाच्या गावांशी त्याचा संबंध नाही. सालेकसा, देवरी, आमगाव या भागांत आणि सीमेपलीकडे बालाघाट, राजनांदगावकडे जुन्या पिढीत हे नाव सर्रास आढळते. गोंडांत तसेच इतर शेतकरी जातींतही. मंडल्याचे जुने खासदार मंगरू गनू उईके यांचे नाव याच घडणीचे. सोमा, बुधराम, सुकरू, इतवारी ही त्याची वारावरून पडलेली भावंडे. फागू, चैतू, भादू ही महिन्यावरून. मुलगी असली तर मंगरी. शाळेच्या पटावर मंगलदास, मंगलसिंग अशी ‘सुधारलेली’ रूपे येऊ लागली तसे मूळ नाव मागे पडले, आता ते आजोबांच्या पिढीपुरतेच उरले आहे.

तारीख कोणी लिहून ठेवत नसे, वार मात्र घरात पक्का लक्षात असे. गुरुजी दाखल्यावर बहुधा १ जुलै टाकून मोकळे होत. तेव्हा एखाद्या मंगरूची जन्मतारीख १ जुलै १९५१ दिसली, तर त्या दिवशी रविवार होता हे ध्यानात घेऊन वाचकाने नावावर विश्वास ठेवावा. मूळ मजकुरात या भागाचा जिल्हा ‘भंडारा’ म्हटला आहे तो त्या काळानुसार बरोबरच. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झाला. — संपा.