साप्ताहिक सुट्टी (औंढा नागनाथ परिसर)

आठवड्यातून ठरलेल्या दिवशी कामातून मिळणारी मोकळीक. औंढा नागनाथला (जि. हिंगोली) ती कचेरीच्या वाटेने आली. हा परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे सुट्टीचा वार शुक्रवार होता. १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आल्यावर तो रविवार झाला.

मुंबईत हा रविवार गिरणी कामगारांनी झगडून मिळवला होता. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत साच्यावर उभे राहायचे आणि ठरलेली सुट्टी अशी नाहीच. सत्यशोधक आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा भरवल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा मागणाऱ्या निवेदनावर साडेपाच हजारांवर कामगारांनी सह्या व अंगठे दिले. २४ एप्रिल १८९० च्या महालक्ष्मीच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवार मान्य केला. रविवार ही इंग्रजांची मेहेरबानी, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

शनिवार बराच उशिरा मिळाला. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यांनी १९२६ मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला, केंद्र सरकारने १९८५ मध्ये, तर महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्यापोटी कचेरीची वेळ रोज ४५ मिनिटांनी वाढली. नागनाथाच्या देवळापुढे बेल-फुले विकणाऱ्यांना या दोन दिवसांचा उपयोग नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हेच त्यांच्या धंद्याचे दिवस.

शिवारात विश्रांती वारावर नव्हे, तिथीवर ठरत आली. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांदेमळण होते : बैलांचे खांदे धुऊन तूप-हळदीने चोळतात, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

बैल राखणाऱ्या सालगड्याचे साल मात्र पाडव्याला ठरते ते पुढच्या पाडव्यापर्यंत. बोलीत रोकड ठरते, कुठे धान्यही. आठवड्याची सुट्टी ठरत नाही, आणि कामावर न आलेला दिवस खाडा म्हणून धरला जातो. कारखाने अधिनियम, १९४८ ने कामगाराला आठवड्याची सुट्टी हक्काने दिली. तो कायदा कारखान्यांपुरता असल्याने सालगडी त्याबाहेर राहिला. लोखंड्यांची १८८४ ची मागणी त्याच्यापुरती अजून अपूर्ण आहे.