थेरपिस्टचं 'सुपरव्हिजन' म्हणजे नेमकं काय असतं?

सुपरव्हिजन म्हटलं की हजेरी घेणारा मुकादम किंवा चुका शोधणारा साहेब आठवतो. ऑक्युपेशनल थेरपी, समुपदेशन अशा क्षेत्रांत मात्र अर्थ वेगळा आहे. ठरलेल्या दिवशी अनुभवी सहकाऱ्यासोबत बसून आपल्या केसेसबद्दल मोकळेपणाने बोलणं, म्हणजे सुपरव्हिजन. अमेरिकेतले समाजकार्याचे अभ्यासक अल्फ्रेड कडूशिन यांनी १९७६ साली त्याची तीन कामं सांगितली: प्रशासकीय देखरेख, शिकवणं आणि आधार देणं. यातलं तिसरंच सगळ्यात आधी विसरलं जातं.

आजारपणानंतर किंवा अपंगत्व आल्यावर माणसाला रोजची कामं जमावीत, यासाठी ऑक्युपेशनल थेरपी असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली तिचं शिक्षण सुरू केलं. आता रोजची कामं म्हटली की घरातल्या रीतीभाती आल्याच.

समजा, भिंगारमधल्या एका आजींना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय. हाताला व्यायाम म्हणून तरुण थेरपिस्ट त्यांना भाकरी थापायला सांगते. सून परातीला हात लावू देत नाही. "आजारी माणसाला कामाला लावलं तर लोक काय म्हणतील?" थेरपिस्ट फाइलमध्ये लिहिते, 'घरचे सहकार्य करत नाहीत.' चांगली सुपरवायझर इथे रागावत नाही. ती विचारते, सुनेला नेमकी कशाची भीती आहे? आजींना स्वतःला काय करावंसं वाटतं? कदाचित देवासाठी वाती वळणं, फुलं निवडणं. बोटं त्यातही चालतात आणि सुनेला कुणी नावं ठेवत नाही. मग ती आणखी एक विचारते, "त्या घरातून निघताना तुला कसं वाटलं?" हा प्रश्न थेरपिस्टला एरवी कुणी विचारत नाही.

याच्या जवळचं उदाहरण नगर जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावांतल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. एकदा ट्रेनिंग देऊन त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, गावातल्या अडचणी एकमेकींना सांगायच्या आणि त्यातूनच शिकायच्या. त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या, पण गाव त्यांना आतून माहीत होतं.

गावात सिनियर थेरपिस्ट नसेल तर सुपरव्हिजन व्हिडिओ कॉलवरही करता येतं. पेशंटचं नाव मात्र सांगायचं नाही. आणि शक्यतो पगारवाढ ठरवणारा साहेबच सुपरवायझर नको. त्याच्यासमोर "मला हे जमत नाहीये" असं कोण म्हणेल?